शिपण्याची वेळ

संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमाराला आमचा कॉम्प्युटर आपणहून बंद व्हायचा आणि आपणहूनच पुन्हा सुरू व्हायचा. स्क्रीन काळी पडायची, मग एक बारीकसा बीप, मग रॅम मोजत पळणारे पांढरे आकडे, आणि शेवटी विंडोज ९८ चा तो निळा पडदा. मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद केला नव्हता, म्हणून आता स्कॅनडिस्क चालणार, असं तो सांगायचा. त्यात दहा मिनिटं जायची. तेवढ्यात पुन्हा अंधार, पुन्हा बीप. कधी एकाच संध्याकाळी चारदा व्हायचं, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही.

ही २००१ सालची गोष्ट. घर रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, खाडीच्या अंगाला. मागे आगर, पुढे पडवी, आणि पडवीच्या एका टोकाला बाबांच्या टेबलावर हा कॉम्प्युटर. तो मी जोडला होता, स्वतःच्या हाताने, एकेक स्क्रू पिळून. त्यामुळे तो बंद पडला की नुसता त्रास व्हायचा नाही. आपल्या हातून काहीतरी चुकलंय आणि ते नेमकं कुठे हे कळत नाही, अशी बोच लागून राहायची. विकत आणलेली वस्तू बिघडली तर दुकानदाराकडे नेता येते. स्वतः जोडलेली कुणाकडे न्यायची?

बारावीची परीक्षा संपली त्या मार्चमध्ये बाबांनी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं होतं. ब्रँडेड मशीन त्या पैशात बसत नव्हतं, म्हणून असेंबल्ड घ्यायचं ठरलं. कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून आम्ही पहाटे दादरला उतरलो. लॅमिंग्टन रोडची दुकानं इतक्या लवकर उघडत नाहीत हे तिथे गेल्यावर कळलं, म्हणून तीन-चार तास स्टेशनातच बाकावर बसून काढले. मग स्लो लोकलने ग्रँट रोड. पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटं चाललं की तो रस्ता लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या तोंडातून काही गेलं नाही. रेझिस्टन्स आणि कपॅसिटर सुट्टे, पापडासारखे पिशवीत मोजून देणारी दुकानं, त्यांच्या शेजारी स्पीकर, त्यांच्या शेजारी मॉनिटरच्या खोक्यांची उतरंड. मला तो रस्ता त्या दिवशी जत्रेसारखा वाटला आणि आजही वाटतो.

दर दुकानात कोटेशनचा छापील पॅड. वस्तूंची नावं आधीच छापलेली. दुकानदार समोर भराभर आकडे टाकायचा, खाली बेरीज करून कागद फाडून हातात द्यायचा. अशी सात-आठ कोटेशनं घेऊन बाबा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि परीक्षेचे पेपर तपासावेत तशी त्यांनी ती एकमेकांशी ताडून पाहिली. शेवटी ठरलं ते असं: ७०० मेगाहर्ट्‌झचा एएमडी ड्युरॉन, व्हीआयए चिपसेटचा मदरबोर्ड, १२८ एमबी रॅम, २० जीबीची हार्ड डिस्क, १५ इंची मॉनिटर. सगळं मिळून २७ हजार ४०० रुपये.

ज्या दुकानात घेतलं तिथले शेठ साठीचे असावेत. जोडून देण्याचे तीनशे वेगळे पडतील म्हणाले. मी म्हटलं, मी जोडणार. त्यांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली. मग त्यांनी मला काउंटरच्या आत बोलावून घेतलं आणि एकच गोष्ट शिकवली, प्रोसेसरवर हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा, कसा बसवायचा. ड्युरॉनच्या मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा उघडा चकचकीत तुकडा असतो, तोच खरा प्रोसेसर. चार कोपऱ्यांत रबराच्या चार गोल टिकल्या. हीटसिंक सरळ खाली ठेवायचा, जरासुद्धा तिरपा नाही, नाहीतर त्या तुकड्याचा कोपरा टवका उडाल्यासारखा फुटतो. मग स्टीलची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून सॉकेटच्या खाचेत अडकवायची. ताकद भरपूर लागते आणि स्क्रूड्रायव्हर सटकला तर तो थेट मदरबोर्डवर. शेठनी एकदा बसवून दाखवला, काढला, आणि म्हणाले, "अब तू." माझे हात थरथरत होते. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बसला. त्यांनी तो पुन्हा काढला आणि सगळं खोक्यात भरून दिलं. घरी जाऊन परत मलाच बसवायचा होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती आम्ही ऐकली नाही. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारी पेटी, आतच बसवलेला यायचा, त्याचे वेगळे पैसे नसायचे. शेठनी दुसरा एक एसएमपीएस काढून माझ्या हातात दिला, मग कॅबिनेटमधला. "वजन देखो. ये हल्का है. छह सौ और लगेंगे, अच्छावाला ले जाओ." दोन्हींच्या लेबलावर वॅट तेवढेच छापले होते. बाबांनी विचारलं, हल्क्याने चालेल का? शेठ म्हणाले, "चलेगा तो सही." सहाशे रुपये वाचवून आम्ही निघालो. मॉनिटरचं खोकं बाबांनी रात्रभर डब्यात पायांमध्ये धरून ठेवलं होतं.

जोडण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते एका दुपारीत झालं. पडवीत सतरंजी, तिच्यावर वर्तमानपत्र, आणि आई, आजी, शेजारची दोन मुलं भोवती बसलेली. सगळ्यात जास्त वेळ गेला तो कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या त्या बारीक तारा योग्य पिनांवर घालण्यात. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखा फिरला आणि तो एक बीप वाजला. सगळं जागेवर आहे, मी उठलोय, असं मदरबोर्ड सांगतो तो बीप. त्या आवाजाचं मला वाटलेलं अप्रूप शब्दांत धरता येत नाही. पुढे शेकडो मशीनचा तो बीप ऐकला, पण त्या दुपारचा कानात तसाच आहे.

आणि आठ-दहा दिवसांत संध्याकाळचं ते बंद पडणं सुरू झालं.

पहिला संशय अर्थातच गरमीवर. एप्रिल-मेची कोकणातली हवा, दिवसभर मशीन सुरू, म्हणजे संध्याकाळपर्यंत तापत असणार. कॅबिनेटची बाजूची पट्टी काढली, टेबलफॅन थेट आत लावला. फरक नाही. मग एक दिवस मुद्दाम संध्याकाळी सहापर्यंत मशीन सुरूच केलं नाही. सहाला चालू केलं, पावणेसातला बंद पडलं. तेव्हा गरमीचा संशय सोडला. विंडोजवर संशय घेऊन ते तीनदा नव्याने टाकलं. कुणीतरी सांगितलं, व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल, टीव्हीचा स्टॅबिलायझर लावून बघ. लावला, तर दुप्पट वेळा बंद पडायला लागलं. म्हणून व्होल्टेजचा विचारही मी खोडून टाकला. हे खोडणं किती महागात पडलं ते पुढे येईलच.

मेच्या अखेरीला रॅम काढली. तिच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, खाऱ्या दमट हवेत त्यांच्यावर काळपट थर चढतो. आमच्याकडे देवघरातली तांब्याची भांडी आठवड्याला काळवंडतात, तिथे या पट्ट्यांची काय कथा! शाळेतल्या खोडरबराने त्या हलक्या हाताने पुसल्या, रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. दोन-चार दिवसांत पाऊस आला. आणि मशीन बंद पडणं थांबलं.

जून गेला, जुलै गेला. लाईट अर्थातच जायची. पावसात ती आमच्याकडे दोन-दोन दिवस जाते, पण ते वेगळं. लाईट असताना मशीन एकदाही आपणहून बंद पडलं नाही. गणपती आले, गेले. मी रत्नागिरीला बीएस्सीला जायला लागलो होतो. रॅमच्या पट्ट्यांवरचा थर हेच कारण होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. मी ते ज्याला त्याला सांगत सुटलो. पलीकडच्या वाडीत वर्गातल्या एका मित्राचं मशीन मध्येच अडकायचं. मी गेलो, रॅम पुसली, तरी अडकलं, तेव्हा ठामपणे सांगितलं की रॅमच खराब आहे, नवी घ्या. त्याच्या वडिलांनी घेतली. त्यांचा पोफळीचा व्यवहार बेताचा होता. नव्या रॅमने काहीच झालं नाही. महिन्याभराने दुसऱ्या कुणी हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकलेला धुळीचा बोळा काढला आणि मशीन सुरळीत झालं. मित्राच्या वडिलांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. त्याची टोचणी मला आजही आहे.

दिवाळी सरली. थंडी पडायला लागली. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी, मी प्रॅक्टिकलचं जर्नल टाइप करत असताना, स्क्रीन काळी झाली. बीप.

त्या क्षणी मला जे वाटलं ते नुसतं वैतागणं नव्हतं. सहा महिने मी एक खोटी गोष्ट खरी मानून चाललो होतो आणि तिच्यावर दुसऱ्याचे पैसे खर्च करवले होते. बिघाड गेला होता हे खरं. पण का गेला हे मला कधीच कळलं नव्हतं. मी रॅम पुसली आणि नंतर बिघाड गेला, एवढंच घडलं होतं. मधल्या काळात दुसरं काय काय बदललं, हे मी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही घेतली. प्रत्येक वेळी बंद पडलं की तारीख, वेळ, तेव्हा मशीनवर काय चाललं होतं, सीडी ड्राइव्हमध्ये सीडी होती का, हवा कशी होती. आणि मशीनला हात लावायचा नाही असं ठरवलं. काही बदलायचं नाही, पुसायचं नाही, फक्त लिहायचं. हे फार अवघड असतं. समोर बिघडलेली वस्तू आहे, हातात स्क्रूड्रायव्हर आहे, आणि गप्प बसायचं. पण तीन आठवडे लिहिलं. ६.३५. ६.३८. ६.४०. मग दोन दिवस कोरे. मग ६.५०, ६.५२, ६.५३, ६.५७. म्हणजे एकदा बंद पडलं की थोड्या-थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा पडायचं, मग सगळं शांत. रविवारी बहुतेक नाही. सीडीचा, कामाचा काही संबंध दिसत नव्हता. मशीनच्या आतल्या कुठल्या बिघाडाला रविवार कसा कळेल?

उत्तर आजीने दिलं. माजघरात तिच्या डोक्यावर साधा चाळीसचा पिवळा बल्ब होता, त्याच्या उजेडात ती वाती वळत बसायची. मी पडवीतून "गेला!" असं ओरडलो आणि ती आतून म्हणाली, "तुझं ते यंत्र मेलं की माझा दिवाही डोळा मिटतो रे. रोजचंच आहे ते."

पडवीत ट्यूब होती, इलेक्ट्रॉनिक चोकची. तिचा उजेड हलायचाच नाही. साध्या बल्बचं तसं नसतं. व्होल्टेज थोडं उतरलं तरी त्याचा उजेड कितीतरी जास्त उतरतो. आजीच्या डोक्यावर इतके महिने एक मीटर टांगलेला होता आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन माजघरात बसलो. सहा चाळीसला बल्ब मलूल झाला, पडवीतून बीप ऐकू आला, आणि त्याच वेळी गडग्यापलीकडून, शेजारच्या तात्यांच्या आगरातून, पंपाची घरघर सुरू झाली.

शिपणं! पाऊस संपून जमीन सुकली की माडा-पोफळींना पाणी लावायला सुरुवात होते, ती पुढचा पाऊस येईपर्यंत. तात्या रत्नागिरीला नोकरीला होते. संध्याकाळच्या गाडीने उतरले की कपडे बदलून आधी विहिरीवर. रविवारी ते सकाळीच शिपायचे. जूनमध्ये माझी रॅम बरी झाली नव्हती, पाऊस पडला म्हणून तात्यांचा पंप बंद झाला होता.

मग लागोपाठ बंद पडण्याचं कोडंही सुटलं. तात्यांच्या पंपाची फूटवॉल, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी अडवून धरणारी झडप, गळायची. रात्रभरात पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरायचं, पंप सुरू केला तरी पाणी ओढायचा नाही. मग बंद करायचा, वरून बादलीने पाणी ओतायचं, पुन्हा सुरू. कधी एका खेपेत जमायचं, कधी चार लागायच्या. मोटार सुरू होताना, फिरायला लागेपर्यंतच्या क्षणभरात, एरवीच्या पाच-सात पट करंट ओढते. आमची आणि तात्यांची घरं डीपीपासून सगळ्यात लांब, लाईनीच्या शेवटच्या पोलावर. संध्याकाळी आधीच व्होल्टेज १८० च्या आसपास असायचं, २३० कधी नसायचंच. त्यात हा झटका. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला मल्टिमीटर भिंतीतल्या प्लगला लावून बसलो तेव्हा पंप सुरू होताना आकडा दीडशेच्या खाली घसरताना दिसला.

पण मग स्टॅबिलायझरने उलट का वाढलं? टीव्हीच्या त्या स्टॅबिलायझरमध्ये रिले, म्हणजे आपोआप बदलणारे स्विच, असतात. व्होल्टेज उतरलं की खट्‌ आवाज करून ते एका टॅपवरून दुसऱ्यावर जातात, आणि त्या खटक्याच्या क्षणी पुरवठा पूर्ण तुटतो. टीव्हीला ते कळतही नाही. माझ्या मशीनला तेवढा खंड पुरेसा होता. ज्या प्रयोगावरून मी व्होल्टेजचा संशय खोडला, तोच प्रयोग खरं तर व्होल्टेजकडे बोट दाखवत होता. मी त्याला फक्त "फरक पडला का" एवढंच विचारलं होतं. फरक पडला होता, उलट्या दिशेने, आणि तो मी फेकून दिला.

त्या हिवाळ्यात एसएमपीएस म्हणजे काय हे मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं. भिंतीतली वीज आत गेली की आधी मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते, आणि तिथून बारा, पाच आणि ३.३ व्होल्टमध्ये वाटली जाते. बाहेरची वीज क्षणभर गेली तरी हा साठा काही मिलिसेकंद मशीन तगवतो. आपल्याकडच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण तेवढा वेळ काढतो. पण साठा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज पाऊणपट झालं की साठा जवळजवळ निम्मा होतो. २३० वर जो डबा काठोकाठ भरलेला, तो १७० वर अर्धाच. आमच्या हलक्या एसएमपीएसमध्ये तर डबाच लहान होता. शेठनी दोन्ही हातांत वजन तोलायला लावलं होतं ते याचसाठी. वजन असतं ते कपॅसिटरचं, ट्रान्सफॉर्मरचं, अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं.

आणखी एक राखाडी तार असते. मदरबोर्डला जाणाऱ्या त्या रुंद कनेक्टरमध्ये वीस तारांत ती एक. तिच्यावर पाच व्होल्ट असतात तोवर एसएमपीएस मदरबोर्डला सांगत असतो की पुरवठा ठीक आहे. साठा संपत आला की ती तार आधी खाली येते आणि मदरबोर्ड त्याच क्षणी प्रोसेसरला थांबवतो. व्होल्टेज परत आलं, तार वर गेली, की पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे माझं मशीन बिघडलेलं नव्हतंच. कमी व्होल्टेजवर चुकीची बेरीज करण्यापेक्षा थांबणं बरं, एवढंच ते रोज संध्याकाळी करत होतं.

तरी खात्री करायची होती. एकदा खोट्या कारणावर विसंबलो होतो, दुसऱ्यांदा नको. एका रविवारी तात्यांना सगळं सांगितलं. त्यांना आधी वाटलं मी तक्रार घेऊन आलोय. मग म्हणाले, "चल, बघूया तरी." ते विहिरीवर, शेजारचा मुलगा गडग्यावर, मी मशीनसमोर. मी हात वर केला की गडग्यावरचा ओरडणार, तात्या बटण दाबणार. सहा वेळा पंप सुरू केला. चारदा मशीन बंद पडलं. दोनदा नाही पडलं, तेही वहीत लिहिलं. रविवार सकाळ, गावात भार कमी, मूळ व्होल्टेज बरं, त्यामुळे दोनदा ते तगून गेलं असावं. मग तात्यांनी पंपाला हात लावायचा नाही आणि मी मशीन दोन तास चालू ठेवायचं, हेही केलं. एकदाही बंद पडलं नाही. तेव्हा कुठे मला झोप लागली.

पुढच्या महिन्यात बाबांनी मुंबईला जाणाऱ्या एकाकडे पैसे दिले आणि वजनदार एसएमपीएस मागवला. सहाशेचा साडेसातशे झाला होता. तात्यांनी फूटवॉलचा वॉशर बदलला. माझ्यासाठी नाही, रोज बादल्या ओतून तेही कंटाळले होते. उन्हाळ्यात यूपीएसही आला. आजीचा बल्ब मात्र डोळा मिटतच राहिला.

त्यानंतर मी पुष्कळ मशीन उघडली. २००३-०४ च्या आसपास फुगलेल्या कपॅसिटरची लाटच आली. सपाट डोक्याची ती नळकांडी वरून फुगून तपकिरी राळ ओकायची, आणि कॅबिनेट उघडताच निदान डोळ्यांना दिसायचं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर चिपळूणच्या एका नातेवाइकांच्या दुकानातली चार मशीन धुतली. मदरबोर्ड स्वच्छ पाण्याने, मग अल्कोहोलने, मग आठवडाभर कंदिलाच्या उबेत वाळवले. चारातले दोन उठले. हार्ड डिस्क एकही नाही. तिला हवेसाठी बारीक भोक असतं आणि वाशिष्ठीचा गाळ तेवढ्यातून आत गेला होता. तिथे कारण शोधायचा प्रश्नच नव्हता. कारण दुकानाच्या भिंतीवर पुरुषभर उंचीला रेघ मारून गेलं होतं. त्या कुटुंबाची सोळा वर्षांची उधारीची खाती त्या डिस्कवर होती. तेव्हापासून मी कुणाचंही मशीन जोडून दिलं की दुसरी प्रत कुठे ठेवणार हे आधी विचारतो.

बिघाड शोधण्याची माझी पद्धत मात्र त्या वहीतच ठरली. मशीन उठत नसेल तर सगळं काढून पुठ्ठ्यावर मांडायचं: मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक कांडी, एसएमपीएस, बस. मग एकेक वस्तू वाढवत जायची. एका वेळी एकच बदल, आणि तो लिहायचा. लोक घाईत रॅम, केबल, विंडोज तिन्ही एकदम बदलतात. मशीन सुरू होतं आणि तिघांपैकी कुणामुळे हे कायमचं हरवतं. सुरू झालं ना, मग झालं, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. मित्राच्या वडिलांचा चेहरा समोर येतो.

आणि म्हणूनच हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाख देऊन पक्की बसवतात याचं मला खरोखर वाईट वाटतं. ती काढता येत नाही, दुसरी लावून बघता येत नाही. एक कांडी गेली तर सगळा बोर्ड फेका. वजन थोडं कमी झालं असेल, जागा वाचली असेल, पण आपल्या वस्तूला प्रश्न विचारण्याची सोयच काढून घेतली. सतरा वर्षांच्या पोराने ज्यातून शिकावं असं त्यात उघडण्यासारखं काही उरत नाही.

गेल्या वर्षी पुण्यात भाचीने स्वतःचा पीसी जोडायचा हट्ट धरला. ती सतराचीच आहे. अॅनिमेशन शिकायचं म्हणते. भाग सगळे ऑनलाइन आले, घासाघीस नाही, कोटेशनचा कागद नाही. एसएमपीएसचं खोकं आलं तेव्हा मी ते आधी तिच्या हातात दिलं आणि वजन बघायला सांगितलं. तिने डोळे मिटून तोललं. प्रोसेसर एएम५ सॉकेटचा. आता पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक, १७१८. त्यांच्यावर प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. हीटसिंकला चार स्क्रू, तिरप्या जोडीने थोडे-थोडे आवळायचे. ताकद लागत नाही. मी हात मागे बांधून उभा होतो.

रात्री साडेनऊला तिने बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात. त्यांतला रॅमचा दिवा लागला आणि लागूनच राहिला. बीप नाही, कारण आता कॅबिनेटला तो छोटा स्पीकरच नसतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. ताईने दारातून विचारलं, "काय रे, जळलं का काही?" भाचीचा चेहरा पडला. तिने स्क्रूड्रायव्हर उचलला. "मामा, रॅम काढून परत लावू?"

डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होते तेव्हा मदरबोर्ड तिच्याशी जुळवून घेत बसतो. किती वेगाने बोलायचं, कुठल्या तारेवर किती उशीर धरायचा, हे सगळं तो तपासून ठरवतो, आणि त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात. तोवर पडदा काळा. पुष्कळ जण तेवढ्यात घाबरून मशीन बंद करतात आणि जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे मला माहीत होतं. पण हेच कारण आहे, हे मला तरी अजून कुठे माहीत होतं? रॅम नीट बसली नसेल, एखादी पिन वाकली असेल, दिवा तोच लागला असता.

"काही लावू नकोस," मी म्हटलं. "वही आहे का एखादी?"

तिने कॉलेजची वही आणली, मागचं पान उघडलं.

"आज तारीख काय? ती लिही. बटण कितीला दाबलंस?"

"साडेनऊ. नाही, नऊ बत्तीस."

"ते लिही. कुठला दिवा लागलाय ते लिही. आणि बस."

ती जमिनीवर मांडी घालून बसली, एक डोळा मोबाइलमधल्या घड्याळावर, एक त्या पिवळ्या दिव्यावर. नऊ चौतीस, दिवा तसाच, असं तिने लिहिलं. नऊ छत्तीस, तसाच. मी तिच्या शेजारी बसलो. स्वयंपाकघरात ताईने मिक्सर सुरू केला आणि माझी नजर आपोआप डोक्यावरच्या दिव्याकडे गेली. तो हलला नाही.

"नऊ सदतीस," भाची म्हणाली, आणि लिहिता लिहिता थांबली.